पहिल्या पाण्याचा मान

लातुरात नळाला पाणी आठवड्या-दहा दिवसांनी येतं. किस्से मात्र रोज येतात, आणि ते भरून ठेवायला टाकी लागत नाही. आमच्या गल्लीतले तर असे की एकाचं झाकण काढावं तर खाली दुसरा तरंगत असतो. मित्रांच्यात बसलो की हेच चालतं. ते म्हणतात, बसू, लिहून काढ. मी म्हणतो, लिहिलं तर गल्लीतले म्हातारे मारतील. ते म्हणतात, म्हातारे कुठं वाचायलेत, ते व्हॉट्सअ‍ॅपवर असतात. म्हणून लिहितोय.

आधी माणसं सांगतो. मी बसवराज, घरात बसू. नांदेडला इंजिनिअरिंगला होतो, दुसऱ्या वर्षी सोडलं. का सोडलं ते इथं सांगणार नाही, घरात रोज सांगतो तेवढं बास. सध्या पाण्याच्या जारची गाडी चालवतो. आप्पा म्हणजे माझे मोठे काका, त्यांचं मोटर-पंपाचं दुकान आहे. अण्णा म्हणजे वडील. ते आप्पांच्या दुकानात बसतात, आणि घरातही आप्पांसमोर बसूनच असतात. आव्वा म्हणजे आई. शेजारी गुरुजी, शाळेत सायन्स शिकवून रिटायर झालेले. आणि अक्का, माझी मोठी बहीण. तिचं सासर नांदेडला, नवरा रेल्वेत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून तिला आमच्याकडं आणलं. त्याच महिन्यात गल्लीत कावीळ आली.

अक्काला ती होऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं. बाकीच्यांची म्हणणी वेगळी होती.

०००

नळाला डायरेक्ट मोटर लावायची नसते. हे सगळ्यांना माहीत आहे. पालिकेची रिक्षा भोंग्यावरून तेच ओरडत फिरते.

आमच्या गल्लीत नळाचे पाइप नालीतून गेलेत. नाली आधी की पाइप आधी, यावर दोन पिढ्या भांडल्यात. पाइप जुने, सांध्याला सायकलच्या ट्यूबा गुंडाळलेल्या. पाण्याला जोर असला की पाइपातलं नालीत गळतं. मोटरनं ओढलं की उलटं होतं, नालीतलं पाइपात येतं. हे कळायला इंजिनिअरिंगची दोन वर्षंसुद्धा लागत नाहीत.

गल्लीतली पहिली मोटर आप्पांची. आप्पांचं तत्त्व असं की पहिलं पाणी आपल्याच घरात पडलं पाहिजे. पहिला तांब्या पूजेला, बाकीचं माठात, मग रांजण, मग टाकी. पाणी आठ दिवस पाइपात पडून असतं, त्यात पहिलं पाणी म्हणजे सगळ्यात घाण. पण मान पहिल्या पाण्याचा.

आप्पांनी मोटर लावली तशी गुरुजींच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. गुरुजी तणतणत दुकानात आले. आप्पा म्हणाले, "गुरुजी, भांडता कायला? तुमी बी बसवा की. मी सोता येऊन बसवतो."

गुरुजींनी बसवली. मग गुरुजींच्या पुढच्या घराची धार बारीक झाली. ते दुकानात आले. ज्याला शेजाऱ्याचा त्रास झाला तो आप्पांकडं आला, आणि घरी जाऊन तोच त्रास त्यानं पुढच्या घराला दिला. अशी मोटर घरोघर पसरत कोपऱ्यापर्यंत गेली. शेवटच्या घरानं मोटर घेतली त्या दिवशी सगळ्यांना पुन्हा पहिल्याइतकंच पाणी यायला लागलं. नालीसकट.

आप्पा म्हणाले, "बघ, आता कुणाची तक्रार हाय का?"

०००

कावीळ पहिल्यांदा गुरुजींच्या सुनेला झाली, मग तिच्या दोन्ही पोरांना, मग समोरच्या घरात. गुरुजींनी चौकशी सुरू केली. सायन्सचे मास्तर. म्हणाले, "रोग असाच येत न्हाई. त्याला उगम असतो. उगम शोधला पाहिजे."

मी म्हणालो, "गुरुजी, उगम तुमच्या ओट्याखाली हाय. पायऱ्या नालीवर बांधल्यात तुमी."

"इंजिनिअरिंग पूर्ण केलंस का?" गुरुजी म्हणाले.

हे एक वाक्य आमच्या गल्लीत सगळ्या प्रश्नांचं उत्तर आहे.

गुरुजींना उगम चौथ्या दिवशी सापडला. कोपऱ्यावरचा पाणीपुरीवाला. तो बाहेरचा, गाडा उघडा, हात पाण्यात. पुरावा पूर्ण. आप्पा, गुरुजी आणि चार माणसं जाऊन त्याला म्हणाली, "उद्यापासून गाडा न्हाई दिसला पाहिजे." तो बिचारा भांडला नाही. चटण्या झाकल्या, गाडा वळवला, आणि जाता जाता गुरुजींना म्हणाला, "जाताव मैं. लेकिन पानी तो तुमारेइच नल का था, गुरुजी. बहू से पूछो, रोज दो घागरी भरके देती थी."

सगळी गुरुजींकडं बघायला लागली.

गुरुजी म्हणाले, "म्हणजे आपलं चांगलं पाणी घेऊन यानं त्याच्यात घाण केली."

गाडा गेल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत रोगी दुप्पट झाले. गुरुजी म्हणाले, जाताना काहीतरी करून गेला असंल.

०००

निलंग्याकडं एका खेड्यात कावीळ उतरवणारे एक बाबा आहेत. झाडाच्या काड्यांची माळ डोक्यात घालतात. ती दिवसेंदिवस लांबते आणि गळ्यात येते. माळ लांबली की कावीळ उतरली. माळ कुणाच्याही डोक्यात घातली तरी लांबते, काड्या वाळल्या की गाठी सैल होतात. हे मी सांगितलं. उत्तर तुम्हाला माहीत आहेच.

गल्लीनं एक क्रूझर जीप केली. निम्मे पिवळे, निम्मे त्यांना धरून बसायला. आव्वा म्हणाली, अक्कालाही नेऊ, आधीच माळ घालून आणू म्हणजे होणारच नाही. मी क्रूझरच्या दारात उभा राहिलो. आव्वा म्हणाली, "सरक." मी सरकलो नाही. शेवटी अक्काच म्हणाली, "आव्वा, माझ्यानं एवढं बसवत न्हाई," आणि तो विषय मिटला.

बाबांनी सगळ्यांना माळा घातल्या आणि पाल्याचा काढा दिला. पेला एकच. एकानं प्यायचा, बादलीत बुचकळायचा, दुसऱ्यानं प्यायचा. जे बरे होते त्यांनाही दिला, एवढ्या लांबून आलेत म्हणून. ड्रायव्हरलासुद्धा दिला.

परत येताना क्रूझर औशाच्या अलीकडं तीनदा थांबली. ड्रायव्हर स्वतःसाठीच दोनदा. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला जुलाब. आप्पांनी बाबांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

बाबा म्हणाले, "चांगलंय की. कावीळ खालून निघायली."

ड्रायव्हर म्हणाला, "आप्पा, मला कुठं व्हती?"

आप्पांनी फोनवर विचारलं. बाबा म्हणाले, "होणार व्हती. आधीच काढली."

०००

मग सरकारी टीम आली. येणार हे गल्लीच्या ग्रुपवर आदल्या दिवशीच आलं होतं. मेसेज एवढाच: "उद्या पाहुणे. सामान आत घ्या."

सकाळपासून मोटरी उचलायचं काम. कुणी कणगीत ठेवली, कुणी कपाटात. गुरुजींनी मोटर पोत्यात घालून वर कांदे पसरले. आप्पांची मोटर गल्लीत सगळ्यात मोठी, दीड एचपीची, कुठंच मावेना. काकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, माळ्यावरचा जुना पाळणा अक्कासाठी धुऊन ठेवला होता. आप्पांनी मोटर पाळण्यात ठेवली, वर दुपटं घातलं, डोक्याच्या बाजूला टोपडंसुद्धा ठेवलं.

टीममध्ये एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. घरात आल्या, आवाज हळू केला. म्हणाल्या, "बाळ झोपलंय का?"

"हाव," आप्पा म्हणाले. "आत्ताच झोपलं."

"केवढं आहे?"

"दीड एच..." अण्णा म्हणायला लागले होते. आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं.

"दीड महिन्याचं," आप्पा म्हणाले.

तेवढ्यात आतून अक्का आली, पोट पुढं, हात कमरेवर. डॉक्टरीणबाईंनी पाळण्याकडं बघितलं, अक्काकडं बघितलं, परत पाळण्याकडं बघितलं. मग पाळण्याचं काही विचारलं नाही. अक्काला खाली बसवलं, डोळे बघितले, नखं बघितली. पिवळं काही नव्हतं.

म्हणाल्या, "इथं पसरलीय ती कावीळ पाण्यातून येते. बाकीची माणसं पडतात आणि उठतात. गरोदर बाईचं तसं नाही. हिला झाली तर हिच्या आणि बाळाच्या, दोघांच्या जिवावर बेतू शकतं. उकळलेलं पाणी द्या, आणि शक्य असेल तर हिला इथून हलवा."

"हाव हाव," आप्पा म्हणाले. त्या गेल्यावर म्हणाले, "नवीन डॉक्टर हाय. भेव घालतेत असं."

०००

त्याच टीमनं नळाच्या पाण्याची तपासणी केली. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन असलं तर पिवळा रंग येतो. नसलं तर काही येत नाही, म्हणजे पाणी धोक्याचं.

गल्लीतल्या एकाही नळीत रंग आला नाही. टीमचा माणूस मान हलवत पुढं गेला.

गुरुजी सगळं मागं उभं राहून बघत होते. संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: "सर्वांना कळविण्यास आनंद होतो की आपल्या गल्लीतील पाण्याची शासकीय तपासणी झाली असून एकाही घरचे पाणी पिवळे झाले नाही. सबब पाण्यात कावीळ नाही."

खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी खरं काय ते लिहिलं. मला ग्रुपमधून काढलं.

०००

घरात मी नवीन पातेलं आणलं आणि अक्काचं पाणी उकळायला लागलो. आव्वाला ते बघवेना.

"बसू, उकळल्यावर पाण्यातला जीव जातोय रे."

"आव्वा, त्याच्यासाठीच उकळायलाव."

चार दिवस मी उकळत होतो आणि खूश होतो. पाचव्या दिवशी लवकर घरी आलो तर आव्वा उकळलेल्या पाण्याच्या तांब्यात माठातलं पाणी ओतत होती. निम्मं निम्मं.

"हे काय?"

"गरम पाणी कसं पिईल ती? निवायला नको?"

रोज तेच चाललं होतं. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो. आव्वा म्हणाली, "उन्हातनं आलास, घे, पाणी पी."

आमच्या मालकाचे जार आणावेत तर तेही मला माहीत. तिथं बोअरचं पाणी फक्त गार करतात. फिल्टर आहे, पण तो ऑफिसात, मालकासाठी. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो. गिऱ्हाईक जारला हात लावतं आणि म्हणतं, "कसला गार हाय बघ," आणि घेतं.

मग मी म्हणालो, अक्कासाठी दुकानातून सीलबंद बाटल्या आणू. आप्पा जेवता जेवता थांबले. "घरात भरलेले माठ असताना पाणी इकत आणायचं? लोक काय म्हणतील? आपल्या घरचं पाणी खराब हाय म्हणतील. दुकान हाय आपलं."

"मग तिला नांदेडला पाठवा. तिथं क्वार्टरला रोज नळ येतोय."

"सातव्यात आणलेली पोर रिकामी परत पाठवायची? म्हणतील माहेरात सांभाळली न्हाई." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "अर्धवट सोडायची सवय तुझी. आमची न्हाई."

अण्णा ताटाकडं बघत होते. मी म्हणालो, "अण्णा, तुमची पोरगी हाय. बोला काहीतरी."

अण्णा म्हणाले, "भाकरी वाढ."

०००

रोगी वाढले तशी मीटिंग झाली. मारुतीच्या पारावर सगळे कर्ते पुरुष जमले. ठरलं की येत्या पाण्याला कुणीच मोटर लावायची नाही. धार बारीक आली तरी चालंल. आप्पांनी शपथेला बेलाचं पान उचललं, गुरुजींनी उचललं, सगळ्यांनी उचललं. मला वाटलं, सुधारले.

पाण्याचा दिवस आला. नळ सुटले. गल्लीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. जो तो आपल्या नळाजवळ घागर लावून उभा आणि कान शेजाऱ्याच्या भिंतीला. धार बारीक, पण स्वच्छ. आप्पांनी ओंजळीत घेऊन बघितली. म्हणाले, "चांगलं यायलंय की."

आणि तेवढ्यात गुरुजींच्या घरातून घर्रर्र आवाज आला.

आप्पांनी एक शिवी दिली आणि बटण दाबलं. आप्पांची ऐकून समोरच्यानं दाबलं, त्याची ऐकून पुढच्यानं. तांदूळ निवडून होईपर्यंत सगळी गल्ली घरघरायला लागली. धार जाड झाली आणि रंग बदलला.

आप्पा गुरुजींच्या दारात जाऊन ओरडले, "बेलाचं पान उचललं होतं ना तुमी?"

गुरुजी बनियनवर बाहेर आले. त्यांना काही कळेना. मागून त्यांची बायको आली, हातात मिक्सरचं भांडं.

"अव्वो, शेंगाची चटणी वाटायले मी," ती म्हणाली.

आप्पा भांड्याकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आता लावलीच हाय तर टाकी भरू द्या."

०००

शेवटी मी नांदेडला दाजींना फोन केला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं. दाजी म्हणाले, "आईला विचारून सांगतो." मी म्हणालो, "विचारा, पण लवकर विचारा."

तिसऱ्या दिवशी अक्काच्या सासूबाई स्वतः आल्या. गाडी करून, न कळवता. जाडजूड बाई, जास्त बोलत नाहीत. आमच्या घरात पळापळ झाली. आप्पांनी शर्ट बदलला. काकूंनी तांब्याभर पाणी आणि पेला आणून समोर ठेवला.

सासूबाई म्हणाल्या, "नको. आज माझा सोमवार हाय. निर्जळी."

"आज गुरुवार हाय," आप्पा म्हणाले.

"मागचा सोमवार राहिला होता."

तांब्या तसाच राहिला. पाव्हण्यानं घरचं पाणी नको म्हणायचं, हे आप्पांना लागलं. ते पुढं सरकून बसले. "विहीणबाई, कुणीतरी तुमच्या कानात काहीतरी घातलंय." माझ्याकडं बघितलं. "पाण्यात काय न्हाई. सगळी गल्ली पिवळी पडली. माझ्याकडं बघा. रोज हितलंच पितो. मला काय झालं?"

सासूबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "काय न्हाई झालं," त्या म्हणाल्या. "दिसायलंय."

पण पेल्याला हात लावला नाही.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एका हातात रक्तवाढीची गोळी, दुसऱ्या हातात माठातल्या पाण्याचा पेला. माझं पातेलं तेव्हा चुलीवर होतं, उकळायचं होतं.

आप्पांनी काकूंकडं मान वळवली आणि आवाज खाली आणला. "माझ्यातलं आण."

काकू जागच्या हलेनात. आव्वाकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"आण म्हणलो की."

काकू आप्पांच्या खोलीत गेल्या. पलंग सरकल्याचा आवाज आला, मग खोक्याचा पुठ्ठा फाटल्याचा. बाहेर आल्या तेव्हा हातात सीलबंद बाटली होती. सासूबाईंच्या समोर त्यांनी ती फोडली. सासूबाईंनी निम्मी बाटली एका दमात पिली. उपास कधी सुटला ते कुणी विचारलं नाही.

आप्पांचा चेहरा उजळला. म्हणाले, "आता बरं वाटलं बघा."

आव्वा आप्पांकडं बघत होती. अण्णासुद्धा बघत होते. मी त्यांना असं बघताना आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

अक्कानं हातातला पेला खाली ठेवला. चालत सासूबाईंजवळ आली, त्यांच्या हातातली बाटली घेतली आणि त्यातल्या पाण्यानं गोळी गिळली. म्हणाली, "आत्याबाई, जरा बसा. पिशवी भरते."

"अगं, पण पहिलं बाळंतपण..." आप्पा म्हणाले.

"आप्पा, आत अजून हायेत का?"

"काय?"

"बाटल्या."

आप्पा काकूंकडं बघायला लागले. काकू म्हणाल्या, "हायेत. दोन खोकी हायेत."

"एक गाडीत ठेवा," अक्का म्हणाली.

खोकं अण्णांनी उचललं. कुणी सांगितलं नव्हतं. गाडीच्या डिकीत ठेवलं, अक्काची पिशवी त्यावर ठेवली, आणि गाडी गल्लीच्या तोंडातून वळेपर्यंत रस्त्यात उभे राहिले. गुरुजी ओट्यावरून विचारत होते, "काय झालं हो? काय झालं?"

मी घरात आलो तेव्हा आप्पा माठाजवळ उभे होते. सासूबाईंच्या बाटलीत दोन घोट पाणी उरलं होतं. त्यांनी बाटली उजेडात धरून बघितली.

"वाया कायला घालवायचं," ते म्हणाले, आणि ते पाणी माठात ओतलं.